खाकी कागदाखालची पुस्तकं : सोलापुरातल्या एका वाचनालयाचा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं वाचनालय आहे. खाली यंत्रमागाचा कारखाना, वर आम्ही. दोन खोल्या, अकरा कपाटं आणि वर्तमानपत्रांसाठी एक लांब टेबल. मागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो. तो थांबला की वीज गेली हे वर न बघताच कळतं. वाचक बहुतेक पद्मशाली समाजातले, घरात तेलुगू बोलणारे आणि शाळेत मराठी शिकलेले. विड्या वळणाऱ्या बायका, मागावरचे कामगार, त्यांची शिकती मुलं. मी इथे ग्रंथपाल आहे.

मुखपृष्ठावरून पुस्तक निवडणं हे वरवरचं काम, खरा वाचक आतलं बघतो, असं मीही बरीच वर्षं धरून चालले होते. गेल्या दिवाळीपासून या उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडे जे घडलं त्यानं माझं मत पालटलं. ते घडलं तसं, चुकांसकट इथे मांडते आहे. आमच्यासारखी वाचनालयं गावोगाव आहेत आणि बहुतेकांच्या कपाटांत हाच खाकी रंग आहे.

मामांचं कव्हर

नवं पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत चढायचं, मग मामांच्या हातात जायचं. मामा आमचे सहायक, माझ्याही आधीपासून इथे आहेत. त्यांचं कव्हर घालणं बघत राहावं असं असतं. खाकी कागदावर पुस्तक उघडं ठेवायचं, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जादा सोडायची, पाठीपाशी वर आणि खाली दोन तिरके काप द्यायचे, मधली जीभ आत दुमडायची आणि अंगठ्याच्या नखानं घडी दाबत न्यायची. खळ लावायची ती फक्त कागदाच्या आतल्या घडीला. पुस्तकाला थेंब लागता कामा नये, कारण खळीचा वास लागला की कसर येते. शेवटी पाठीवर पांढरी चिठ्ठी, तिच्यावर दाखल क्रमांक, आणि दर्शनी बाजूला काळ्या शाईत पुस्तकाचं नाव. मामा शिरोरेषा पट्टी न लावता ओढतात आणि ती सरळ येते.

या कव्हरामागची कारणं खोटी नव्हती. खालच्या कारखान्यातून सुताचे तंतू वर येतात आणि प्रत्येक फळीवर बसतात. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पातळ बांधणीच्या पुस्तकाची पाठ नुसत्या गोंदावर उभी असते. त्या उष्म्यात गोंद कडक होतो, तडकतो आणि पानं सुटायला लागतात. मुखपृष्ठाचे कोपरे तर दुसऱ्या-तिसऱ्या वाचकाच्या हातीच दुमडतात. सार्वजनिक ग्रंथालयांचा आपला कायदा १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्ग बघून अनुदान ठरतं. आमचं अनुदान लहान. एक पुस्तक दहा वर्षं चाललं पाहिजे, हा हिशेब मामांनी मनाशी पक्का केलेला होता.

पण त्यामुळे अकराच्या अकरा कपाटं एकाच रंगाची झाली. प्रवासवर्णन, प्रेमकथा, चरित्र, शेतीचं पुस्तक, सगळं खाकी. दारातून आलेली बाई कपाटाकडे बघायचीसुद्धा नाही. सरळ माझ्या टेबलाशी यायची आणि म्हणायची, "मॅडम, काहीतरी चांगलं द्या की." मी द्यायची. माझी निवड लोक घरी नेत होते आणि मी याला वाचनसेवा समजत होते.

दिवाळी अंकांचं टेबल

खटकलं ते दिवाळीत. दिवाळी अंकांना आम्ही कव्हर घालत नाही. त्यांचा हंगाम तीन-चार महिन्यांचा, कोण कागद खर्च करणार. अंक लांब टेबलावर पसरून ठेवायचे आणि वेगळी वर्गणी भरलेल्यांनी एकेक न्यायचा.

आमच्या एक वाचक आहेत, विडीकाम करतात. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही. कारखान्यात विड्या देऊन परतताना त्या वर चढतात. एरवी "काहीतरी द्या" म्हणणाऱ्यांत त्या पहिल्या. त्या दिवशी मात्र टेबलाशी उभ्या राहून त्या अंकांमागून अंक उचलत होत्या, हातभर लांब धरून बघत होत्या, परत ठेवत होत्या. बराच वेळ गेला. मग त्यांनी एक अंक घेतला. मुखपृष्ठावर खिडकीशी बसलेली एक बाई होती.

"हाच का, अक्का?"

"बाकीच्या सगळ्या बाया माझ्याकडं बघायल्यात. ही बाहेर बघायलीय. काय बघायलीय ते बघते की."

ज्या बाईला मी इतकी वर्षं स्वतःच्या पसंतीनं पुस्तकं देत आले, तिला एवढी नेमकी निवड करता येत होती. तिच्यासमोर निवडण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

मराठी माणसाला मुखपृष्ठ बघून वाचायला घेण्याची सवय जुनी आहे, आणि ती दिवाळी अंकांनीच लावली. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा सुरू झाली. पुढे चित्रकार दीनानाथ दलालांनी (१९१६–१९७१) १९४५ पासून 'दीपावली' काढला. त्यांच्या बरोबरीचे रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६). स्प्रेनं रंग उडवून त्वचेवर जो मऊ उजेड त्यांनी आणला तो लोकांच्या डोळ्यांत बसला. दोघेही मूळचे गोव्याकडचे. त्यांची चित्रं कापून चौकटीत घालून भिंतीवर लावणारी घरं महाराष्ट्रात होती. त्या काळी रंगीत चित्र छापायचं तर प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक करावा लागे आणि एकच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखालून काढावा लागे; एक रंग केसभर सरकला की चेहरा बिघडला. एवढ्या कष्टानं छापलेली गोष्ट आम्ही खळ लावून झाकत होतो.

ताटाळं

मी कार्यकारी मंडळापुढे विषय ठेवला. पहिला प्रश्न आला, पुस्तकं फाटली तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त होता. शेवटी दोन कपाटांपुरती आणि एप्रिलअखेरपर्यंतची परवानगी मिळाली, बघू काय होतं ते.

मामांना हे आवडलं नाही. ते एवढंच म्हणाले, "उघडं पुस्तक म्हणजे उघडं ताट. माशी बसणारच." तरी कव्हरं त्यांनीच उतरवली. दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नाही. ब्लेडनं घडी सोडवायची, कागद ओढायचा नाही, असं करत ते तीन दिवस बसले होते. आतून निघालेली मुखपृष्ठं आली त्या दिवशी असावीत तशी कोरी होती. हे मामांचं श्रेय आहे, आणि ते मी मंडळाच्या बैठकीतही सांगितलं.

पुस्तकं पाठ दाखवत उभी ठेवायची की तोंड दाखवत, हा पुढचा प्रश्न. तोंड दाखवायचं तर जागा जास्त लागते. लाकडी मांडणी परवडणारी नव्हती. मग भांड्यांच्या दुकानातून स्टीलची दोन ताटाळी आणली, स्वयंपाकघरात भिंतीला असतात तीच. ताटाच्या जागी पुस्तक बरोबर बसतं, थोडं मागे रेललेलं, आणि उचलायला सोपं. मामांनी ती ठोकली. ताटाची उपमा त्यांनीच दिली होती, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही मी विचारलं नाही.

वरून पारदर्शक प्लॅस्टिक घालायचं ठरलं. पहिल्या खेपेला मी शाळेच्या वह्यांना घालतात ते मऊ, जाड प्लॅस्टिक आणलं, स्वस्त म्हणून. मार्च सरता सरता ते मुखपृष्ठांना चिकटायला लागलं आणि सोडवताना दोन पुस्तकांच्या अक्षरांचा रंग बरोबर घेऊन आलं. मऊ प्लॅस्टिक उष्म्यात घाम सोडल्यासारखं चिकट होतं. त्यानंतर कडक, हाताला कुरकुरणारी पातळ फिल्म आणली. ती टिकली.

लोक काय बघतात

आठवडाभरात एक फरक दिसला. लोक माझ्या टेबलाशी येण्याआधी ताटाळ्याशी थांबायला लागले. मुलं तर शाळेच्या दप्तरासकट तिथेच बसायची.

मी एक वही ठेवली. 'तुमचं आवडतं मुखपृष्ठ कोणतं, आणि का?' ज्याला लिहायचं त्यानं लिहावं, ज्याला सांगायचं त्यानं सांगावं, मी उतरवून घेईन. सातवीतल्या एका मुलानं लिहिलं, "यावर समुद्र आहे. मी समुद्र बघितला नाही." मागावरच्या एका कामगारानं पत्र्याच्या छपराचं घर असलेलं पुस्तक निवडलं, कारण छपरावर वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेला दगड चित्रात होता. "ज्यानं काढलंय त्याला माहीत आहे," असं त्यानं सांगितलं. अक्कांनी अर्धवट उघडं दार असलेलं एक मुखपृष्ठ दाखवलं. कॉलेजच्या एका मुलीला फक्त पिवळा रंग आवडला होता. पुस्तक कशाचं आहे ते तिनं बघितलंही नव्हतं.

वही वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोकांची पसंती दोन टोकांना जात होती. अगदी ओळखीचं काही, नाहीतर कधीच न बघितलेलं काही. मधली, गुळगुळीत, कुठल्याही गावातली वाटतील अशी माणसं असलेली मुखपृष्ठं वहीत कुणीच निवडली नाहीत. घरात एक भाषा आणि पुस्तकात दुसरी असणाऱ्या वाचकाला चित्र जास्त लागतं, हेही जाणवलं. कठीण शीर्षकाशी अडखळलेला माणूस चित्रावरून अंदाज बांधतो आणि मग हिंमत करून पहिलं पान उघडतो.

सगळ्यांत जास्त शिकवलं ते एका अण्णांनी. ते चादरींची डिझाईन काढायचे. आलेखाच्या कागदावर चौकोन भरत नक्षी काढायची, मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडली जायची आणि नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर ते पुठ्ठे चढायचे. आता निवृत्त आहेत. वर्तमानपत्र वाचायला येतात, पुस्तक क्वचित नेतात. ताटाळ्यापुढे उभे राहून त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम, इकडं या. दारात उभ्या राहा. आता सांगा, कुठल्या कुठल्या पुस्तकाचं नाव वाचता येतंय?"

मी वाचायला लागले. सोळांपैकी सातच वाचता आली.

"चादर दुकानात गिऱ्हाईक दहा फुटांवरनं बघतं. जवळ आल्यावर सूत बघतं. लांबून दिसली नाही तर जवळ कशाला येईल?"

न वाचता आलेल्या नऊंमध्ये एक साम्य होतं. गजबजलेल्या फोटोवर पांढरी बारीक अक्षरं. किंवा संगणकातला तयार टंक (फॉन्ट) आडवा ताणून बसवलेला, त्यामुळे उभा दंड जाड आणि मात्रा केसासारखी. देवनागरीला शिरोरेषा आहे. सगळी अक्षरं त्या एका दोरीला टांगलेली असतात. ती दोरी तुटक किंवा फिकी झाली की शब्द विस्कटतो. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं हातानं काढली ती लोकांनी वर्तमानपत्राच्या छोट्या चौकटीतही ओळखली, ती अक्षराला स्वतःचा चेहरा दिला म्हणून. संगणकातल्या तयार टंकातही जीव ओतलेला असू शकतो; आपल्या संगणकांवरचा 'मंगल' रा. कृ. जोशींसारख्या सुलेखनकारानं घडवला आहे. दोष टंकाचा नसतो, तो मुखपृष्ठावर दामटून बसवण्याचा असतो.

अण्णांनी एक पुस्तक उलटं केलं. मलपृष्ठावर लेखकाचा फोटो, परिचय, दोन अभिप्राय, प्रकाशकाची इतर पुस्तकं, बारकोड. "आपल्या चादरीची उलटी बाजू पण नक्षीच असते. रंग तेवढे उलटे होतात. ह्यांनी मागं अडगळीची खोली केलीय." तेव्हापासून मी पुस्तक हातात आलं की आधी मागची बाजू बघते.

मुखपृष्ठ खोटं बोलतं तेव्हा

ही बाजू न सांगणं बरोबर होणार नाही. पावसात भिजणाऱ्या मुलीचं फिकट निळं चित्र असलेला एक कथासंग्रह ताटाळ्यातून लगेच उचलला जायचा आणि दुसऱ्याच दिवशी परत यायचा. आतल्या कथा दुष्काळाच्या आणि कर्जाच्या होत्या, आणि चांगल्या होत्या. कॉलेजची मुलगी पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, हे फसवणं आहे." तिचं बरोबर होतं. त्या कथा ज्याला हव्या होत्या तो वाचक ते चित्र बघून पुढे जात होता, आणि ज्यांना पाऊस हवा होता ते नाराज होत होते. लेखकावर याहून मोठा अन्याय कुठला करता येईल मला सांगता येत नाही.

दुसरं मला जास्त लागलं. करड्या रंगाचं, नुसतं नाव छापलेलं एक आत्मकथन होतं. खाकी कव्हरात असताना मी ते प्रत्येकाला आवर्जून द्यायची आणि लोक वाचून खूश व्हायचे. ताटाळ्यात ठेवल्यापासून ते कुणी नेलंच नाही. खाकी कागदाखाली सगळी पुस्तकं एका पंगतीत होती, आणि माझा शब्द हेच त्यांचं मुखपृष्ठ होतं. ते काढून घेतल्यावर देखण्या पुस्तकांची पंगत वेगळी झाली. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दिवाळीपासून मी दुसऱ्या नियमामागे धावत होते आणि तिसरा माझ्या हातून सुटला होता.

तेव्हापासून दर सोमवारी एका करड्या पुस्तकाला मी ताटाळ्यात मधली जागा देते आणि त्याच्याबद्दल विचारणाऱ्याशी उभ्यानं दोन मिनिटं बोलते. आत्मकथन पुन्हा बाहेर जायला लागलं आहे.

निळे चेहरे

ताटाळं कुठे ठोकायचं हे मी ठरवलं होतं, पश्चिमेच्या खिडकीसमोर. उजेड छान येतो म्हणून. एप्रिलच्या मध्यात एका मुखपृष्ठावरच्या नवरीचा शालू मला फिका वाटला. प्लॅस्टिकचा दोष असेल म्हणून सोडून दिलं. महिनाअखेरीला बघितलं तर पिवळा जवळजवळ गेला होता, लाल उतरला होता, आणि वरच्या ओळीतल्या सगळ्या माणसांचे चेहरे निळसर झाले होते. छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांतून सगळे रंग तयार होतात. उन्हात पिवळी आणि किरमिजी आधी उडतात, निळी आणि काळी मागे राहतात. ज्या गावात मागच्या गल्लीत सूत रंगवलं जातं तिथे राहून मला हे आधी सुचायला हवं होतं. अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं.

मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा ताटाळी समोरच्या भिंतीवर होती आणि खिडकीला जुन्या चादरीचा पडदा होता. फिकी झालेली अकरा मुखपृष्ठं परत आणता येणार नाहीत.

ज्यांचं मुखपृष्ठ कापलं गेलं

खाकी कागद उतरवता येतो. पण आमची निम्म्याहून जास्त जुनी पुस्तकं पक्क्या बांधणीची आहेत, आणि बांधणी करताना मुखपृष्ठ काढून टाकायची पद्धत होती. दोन्ही बाजूंना पुठ्ठा, वर रेक्झीन, पाठीवर नाव. पुस्तक टिकलं, चेहरा गेला.

यंदा एका जुन्या कादंबरीची बांधणी सुटली म्हणून बाइंडरकडे नेली. त्यानं पाठीचं रेक्झीन सोललं तर आत अस्तर म्हणून चिकटवलेली कागदाची पट्टी निघाली. रंगीत. दोन बोटं रुंद पट्टीवर एका बाईचा डोळा, भुवई, कपाळावरच्या चंद्रकोरीचा निम्मा भाग. ती त्या कादंबरीची नव्हतीच. दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकाचं मुखपृष्ठ कापून रद्दी म्हणून तिथे वापरलं होतं. बाइंडरचं त्यात काही चुकलं नव्हतं, कागद वाया घालवायचा नाही ही त्याची शिस्त. ती पट्टी मी नोंदवहीत ठेवली आहे.

या पुस्तकांसाठी दोन गोष्टी केल्या. इंग्लंडमध्ये १९३५ मध्ये पेंग्विननं स्वस्त पुस्तकं काढली तेव्हा मुखपृष्ठावर जवळजवळ चित्र नव्हतंच, नुसते रंगाचे पट्टे. कादंबरी नारिंगी, रहस्यकथा हिरवी, चरित्र निळं. लांबूनच कळावं, ही कल्पना. आमच्या बाइंडरकडे मरून, हिरवं आणि निळं अशी तीनच रेक्झीनं असतात. म्हणून यापुढे कथा-कादंबऱ्या मरून, रहस्यकथा हिरव्या, चरित्रं आणि आत्मकथनं निळी.

दुसरी गोष्ट पुठ्ठ्यावर चिकटवायच्या कार्डाची. ज्याला पुस्तक आवडलं त्यानं त्यातली पहिली दोन वाक्यं कार्डावर स्वतःच्या अक्षरात उतरवायची. प्रवासवर्णनांना आणि आत्मकथनांना याचा चांगला उपयोग झाला. ऐतिहासिक कादंबऱ्यांना काहीच नाही; त्यांचं पहिलं वाक्य बिरुदावलीतच संपतं आणि कार्डावर मावत नाही. तिथे वाचकाला हवं ते वाक्य निवडायची मुभा दिली आहे. अक्कांनी एका कादंबरीसाठी सत्तराव्या पानावरचं वाक्य निवडलं आणि मामांकडून लिहून घेतलं, त्यांचं अक्षर चांगलं म्हणून.

जूनच्या बैठकीत मंडळानं आणखी चार कपाटं उघडायला परवानगी दिली. बाकीच्या पाचांत संदर्भग्रंथ आणि फाटकी पुस्तकं आहेत, त्यांना खाकी कव्हरच बरं, यावर मामांचं आणि माझं एकमत आहे. बाइंडरला द्यायच्या चिठ्ठीवर आता एक ओळ छापून घेतली आहे : 'मुखपृष्ठ कापू नये, पुठ्ठ्यावर चिकटवून वर फिल्म लावावी.' त्याचे तो प्रत्येक पुस्तकामागे जादा पैसे मागतो. मंडळानं या वर्षापुरते निम्म्या पुस्तकांचे मंजूर केले. उरलेल्या निम्म्यांची यादी मी आणि मामा बनवत आहोत, आणि ती बनवताना एकेक पुस्तक बाहेर काढून टेबलावर ठेवावं लागतं. कालच्या दिवसात आमचं एकच कपाट झालं.